स्वल्प अ‍ॅडजस्ट, पण बोटीच्या तळाशी नको

बंगळुरूला बदली झाली की पहिल्या आठवड्यात एक कन्नड वाक्य पाठ होतं : 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी'. म्हणजे जरा सांभाळून घ्या. बसमध्ये दोघांच्या बाकावर तिसरा बसताना म्हणतो, रिक्षावाल्याकडे सुटे नसले की तो म्हणतो, टाकीत पाणी नसलं की घरमालक म्हणतो. वाक्य गोड आहे, माणसंही गोड आहेत आणि शहराचा निम्मा कारभार ह्या तीन शब्दांवर चालतो. आपल्यालाही ते नवीन नाही. आपण त्यालाच 'भागवून घ्या की' म्हणतो.

गेल्या महिन्यात मात्र हेच वाक्य मी एका शेडमध्ये ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. त्याबद्दलच आज लिहायचं आहे. जुन्या वाचकांना माहीत आहे, नव्यांसाठी सांगतो : युनिटचं नाव, जागेचं नाव, माणसांची नावं मी इथे लिहीत नाही. मी इंजिनिअर्सचा माणूस, गाव कृष्णाकाठचं, आणि नोकरीतली बरीच वर्षं बोटींच्या आसपास गेली आहेत. एवढी ओळख पुरे.

तर शेड. ट्रेलरवर एक नवी अ‍ॅल्युमिनियमची बोट, लहान, वेगवान, मागे ओबीएम लटकवलेलं. पुढे डॅशबोर्डवर डेप्थ साउंडरचा नवाकोरा डिस्प्ले. रंगीत, झगझगीत. जो येतो तो त्याच्यासमोर उभा राहतो, बटण दाबतो, 'क्या बात है' म्हणतो आणि जातो. बोटीच्या मागे कोणी जात नाही. मागे एक पोरगा उकिडवा बसला होता, हातात ड्रिल घेऊन, आणि ट्रान्सड्यूसर डाव्या बाजूला लावत होता. का डाव्या बाजूला? कारण तिथे आधीच एक भोक होतं आणि केबल तिथपर्यंतच पोचत होती. मी म्हणालो, ही जागा चुकीची आहे. तो हसून म्हणाला, "पाण्यातच राहणार आहे सर. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी."

पोराची चूक नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. माझं भांडण त्याच्याशी नाही. माझं भांडण आहे त्या पद्धतीशी, जिच्यात साउंडर विकत घ्यायचा निर्णय मोठ्या टेबलावर होतो, डिस्प्ले कुठे बसवायचा हे साहेबांना विचारून ठरतं, आणि ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे तो ट्रान्सड्यूसर कुठे लावायचा हे केबलची लांबी ठरवते.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो, मग पटवतो. वेगवान बोटीवर चुकीच्या जागी लावलेला साउंडर हा साउंडर नसण्यापेक्षा वाईट.

नसला तर माणूस घाबरून असतो. गती कमी ठेवतो, पुढे एकाला उभा करतो, बांबू हातात घेतो. असला, आणि तो खोटं बोलत असला, तर माणूस निर्धास्त होतो. पाण्यावर निर्धास्तपणाइतकी महाग वस्तू नाही.

आधी तो करतो काय ते बघू

ट्रान्सड्यूसरमध्ये एक सिरॅमिकची चकती असते. विजेचा झटका दिला की ती थरथरते आणि पाण्यात आवाजाचा एक ठोका जातो. आपल्या कानाला न ऐकू येणारा, बहुतेक लहान बोटींवर 200 किलोहर्ट्झचा. ठोका तळावर आपटून परत येतो, तीच चकती तो ऐकते, आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून डबा खोली सांगतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो. दोन मीटर खोल पाण्यात ठोका जाऊन परत यायला तीन मिलिसेकंदही लागत नाहीत.

कल्पना जुनी आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या पॉल लांजव्हँने पाणबुड्या शोधण्यासाठी क्वार्ट्झच्या स्फटिकातून असा आवाज काढून दाखवला. पाण्याखालचं ऐकण्याची ही विद्या आपल्याला परकी नाही. ह्याच बंगळुरूत भारत इलेक्ट्रॉनिक्स नौदलाच्या जहाजांसाठी सोनार बनवते. म्हणजे ज्या शहरात जहाजांचे कान तयार होतात, त्याच शहराच्या एका शेडमध्ये आम्ही बोटीच्या कानात बोळा कोंबत होतो.

बोळा कसला? हवेचा. ह्या विद्येचा एकच मोठा शत्रू आहे, आणि तो म्हणजे बुडबुडा. पाण्यातून हवेत शिरताना आवाजाची जवळजवळ सगळी शक्ती परत फेकली जाते. ट्रान्सड्यूसरच्या तोंडासमोरून बुडबुड्यांचा पातळ पडदा जरी वाहत गेला तरी ठोका तळापर्यंत पोचत नाही. बोट उभी असताना बुडबुडे नसतात. हळू चालताना कमी असतात. बोट वेग घेऊन पाण्यावर चढली की तिच्या पोटाखालून हवा आणि पाणी मिसळून पांढरा फेस धावतो. म्हणून ट्रेलरवर तपासलेला आणि धक्क्याला बांधून पाहिलेला साउंडर म्हणजे न धावलेल्या घोड्याची परीक्षा. तो उभा छानच दिसतो.

जागेचे चार गुन्हे

पहिला गुन्हा : पंख्याची चुकीची बाजू. बहुतेक एकट्या ओबीएमचा पंखा मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. म्हणजे उजवीकडे पाती खाली जातात आणि डावीकडे वर येतात. वर येणारी पाती डाव्या बाजूचं पाणी ढवळून वर फेकतात. म्हणून ट्रान्सड्यूसर उजव्या बाजूला, पंख्यापासून निदान 38 सेंटिमीटर, म्हणजे 15 इंच दूर. पंखा उलटा फिरत असेल तर बाजूही उलटी. हे पाहायला एक मिनिट लागतं. पंखा हाताने फिरवून बघा, पण आधी इंजिनाची किल्ली आपल्या खिशात टाका.

दुसरा गुन्हा : अडथळ्याची सावली. बोटीच्या तळाला रिबेटांच्या रांगा असतात, लांब पट्ट्या असतात, पाणी आत घ्यायची तोंडं असतात. वेगात ह्या प्रत्येकाच्या मागून बुडबुड्यांची शेपटी निघते. ट्रान्सड्यूसर त्या शेपटीत लावला की संपलं. बोट ट्रेलरवर असतानाच तिच्या खाली झोपून नाळेपासून मागच्या फळीपर्यंत नजर सरळ ओढायची. वाटेत एकही उंचवटा नको. ज्याला पाठीवर झोपायची लाज वाटते त्याने ड्रिल हातात घेऊ नये.

तिसरा गुन्हा : उंची. फार वर लावला तर बोट चढली की तो फेसात येतो. फार खाली लावला तर पाणी त्याला फाडतं, मागे कारंजं उडतं आणि त्याच्या स्वतःच्याच तोंडाभोवती फेस होतो. फायबरच्या बोटीला तळाच्या रेषेखाली साधारण 3 मिलिमीटर, अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीला साधारण 10 मिलिमीटर. आणि तोंड तळाशी समांतर, फार तर मागची कड केसभर खाली. मागची कड वर गेली तर त्याच्या पोटाखाली पोकळी धरते. इथे मिलिमीटर मोजायचे असतात आणि आपण मोजतो बोटांनी.

चौथा गुन्हा : आतून चिकटवणं. फायबरच्या बोटीला भोक न पाडता आतून ट्रान्सड्यूसर चिकटवता येतो, आवाज फायबरमधून जातो. पद्धत खरी आहे, वेगवान बोटीला चांगलीही आहे, कारण बाहेर काही लटकत नाही. पण फायबर भरीव हवं. मध्ये फोम किंवा लाकूड असलेल्या तळाला नाही, अ‍ॅल्युमिनियमला नाही. चिकटवायचं ते हळू सुकणाऱ्या इपॉक्सीने, आणि त्यात एकही बुडबुडा न राहू देता. आणि लोक लावतात काय? मोरीच्या नळाला लावतात ते सिलिकॉन, भरपूर, हवेसकट. आधी साधी प्लास्टिकची पिशवी पाण्याने भरून, ती तळावर ठेवून, तिच्यावर ट्रान्सड्यूसर टेकवून पाण्यावर एक फेरी मारून पाहावी. आकडा येतो का बघावं, मग चिकटवावं. पिशवीला दोन रुपये लागतात. तेवढी खरेदी कोणाच्याही मंजुरीशिवाय होते.

आता माझा गुन्हा

हे सगळं मी पुस्तकातून सांगत नाही. मी हे दुसऱ्याच्या रक्ताने शिकलो.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या पोस्टिंगला, एका धरणाच्या फुगवट्यावर सराव होता. मे महिना, पाणी उतरलेलं. आपल्याकडच्या धरणांच्या पोटात काय काय असतं हे आपल्याला ठाऊक आहे. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक दर्शनाला जातात. देऊळ दिसतं म्हणून त्याचं कौतुक. पाण्याखाली हातभर राहिलेली घराची भिंत, शेताचा दगडी बांध, विहिरीचा काठ दिसत नाही.

आमच्या बोटीला नुकताच साउंडर बसवला होता. डाव्या बाजूला, रिबेटांच्या रांगेच्या बरोबर मागे. बसवणाऱ्याने कागद पुढे केला, मी डिस्प्लेकडे पाहिलं, धक्क्याला 3 मीटर दाखवत होता, काठी टाकून पाहिली तर 3 मीटरच. मी सही केली. पाण्यावर पळवून पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन होतं.

चार दिवसांनी बोट जोरात निघाली. वेग 18 नॉटच्या आसपास. डिस्प्लेवर आकडा होता 4.2. तो आकडा लुकलुकत होता. बऱ्याच साउंडरमध्ये तळ हरवला की शेवटचा पकडलेला आकडा लुकलुकत राहतो. त्याचा अर्थ 'खोली 4.2 मीटर' असा नसतो. त्याचा अर्थ 'मला आता काहीही दिसत नाही, मघाशी 4.2 होती' असा असतो. सुकाणूवर हवालदार होता, चांगला, अनुभवी. उन्हात, पाण्याच्या तुषारांत, त्याला आकडा दिसला. लुकलुकणं दिसलं नाही. दिसलं असतं तरी त्याचा अर्थ त्याला कोणी सांगितला नव्हता. मीही नाही.

बांध पाण्याखाली अर्धा मीटर होता. ओबीएमचा पाय त्याच्यावर आपटला, इंजिन उसळलं, बोट जागच्या जागी थांबली आणि माणसं थांबली नाहीत. पुढे बसलेला पोरगा बोटीच्या कडेवर तोंडाने पडला. हनुवटीला अकरा टाके, दोन दात गेले. हवालदाराच्या मनगटाला किल स्विचची दोरी बांधलेली होती म्हणून इंजिन बंद पडलं. नसती तर मी हे आज इतक्या शांतपणे लिहीत नसतो.

चौकशी झाली. कागदावर काय आलं? वेग जास्त, चालकाने सावधगिरी बाळगली नाही. हवालदाराला ताकीद मिळाली. ट्रान्सड्यूसर कुठे लावला होता हा प्रश्नच कोणी विचारला नाही, कारण साउंडर 'चालू स्थितीत' असल्याचा कागद फायलीत होता. त्यावर माझी सही होती.

मी बोललो. पण लगेच नाही. आधी आठ दिवस गप्प बसलो, कागद पुढे सरकला, आणि मग बोललो. तेव्हा मला सांगण्यात आलं, "साहेब, झालं ते झालं, आता कशाला?" हवालदार पुढे पेन्शनवर गेला. मी त्याच्याशी फोनवर बोललो आहे. तो म्हणतो, "जाऊ द्या साहेब, तुमची काय चूक." ते ऐकवत नाही.

म्हणून जेव्हा कोणी म्हणतं की पाण्यात राहिला म्हणजे झालं, तेव्हा माझं डोकं फिरतं.

समोरच्यांचं ऐकून घेऊ

पहिला आक्षेप : वेगात असताना साउंडरकडे बघतो कोण? तो खालचं सांगतो, पुढचं नाही.

हा आक्षेप खरा आहे, आणि मी तो मान्य करतो. 20 नॉट म्हणजे सेकंदाला 10 मीटरहून जास्त. साधारण 20 अंशांच्या कोनाचा ठोका दोन मीटर खोलीत जेमतेम 70 सेंटिमीटरचं वर्तुळ पाहतो. तेही बोटीच्या मागच्या टोकाखालचं. आकडा दिसून हात हलेपर्यंत बोट दोन घरं ओलांडून गेलेली असते. पुढचा दगड साउंडर दाखवणार नाही, हे प्रत्येक चालकाला पहिल्या दिवशी शिकवायला हवं. पण तळ चढतोय की उतरतोय हे तो सांगतो. सहा, पाच, साडेचार, चार असे आकडे उतरायला लागले की शहाणा माणूस हात मागे घेतो. ही उतरती शिडीच चुकीच्या जागेमुळे दिसत नाही. दिसतो तो एकच गोठलेला आकडा. साउंडर मर्यादित आहे म्हणूनच तो प्रामाणिक हवा. एका डोळ्याच्या माणसाने त्या डोळ्यावर पट्टी बांधायची नसते.

दुसरा आक्षेप : आमच्या वेळी बांबूने मोजायचो, काही अडलं नाही.

आजोबा, नमस्कार. बांबूबद्दल माझ्या मनात आदरच आहे. कोकणातले जुने तांडेल दोरीला वजन बांधून खोली वावांत मोजायचे. दोन्ही हात पसरले की एक वाव. वजनाला लागून वर आलेला चिखल की वाळू हेही बोटांनी चोळून बघायचे. ते ज्ञान कुठलाही डिस्प्ले देत नाही. पण तो तांडेल 20 नॉटने जात नव्हता. वेगवान बोट वेगासाठी घेतली असेल तर वेगात चालणारं मोजमाप लागेल. आणि ते जमत नसेल तर बोट हळू चालवा. तिसरा रस्ता नाही.

तिसरा आक्षेप : नव्या बोटीला भोकं कशाला पाडायची?

पाडू नका. मागच्या फळीवर आधी जाड प्लास्टिकची पाटी एकदाच पक्की बसवा, आणि ट्रान्सड्यूसरचे स्क्रू त्या पाटीत घ्या. मग तो चार मिलिमीटर वर-खाली करायचा तर बोटीला नवं भोक पडत नाही. जी भोकं पाडाल ती पाण्याखाली टिकणाऱ्या सीलंटने भरा. केबल कापून जोडू नका. इंजिनाच्या तारांच्या जुडग्यातून नेऊ नका, नाहीतर पडद्यावर तळाऐवजी इंजिनाची खरखर दिसेल. केबल कमी पडली तर त्याच कंपनीची जोडकेबल मागवा. चार दिवस थांबा.

चौथा आक्षेप कोणी तोंडाने बोलत नाही, पण तोच खरा आहे : परवा इन्स्पेक्शन आहे.

ह्याला उत्तर नाही. ह्याच्यापुढे मीही एकदा वाकलो आहे. त्याची किंमत वर लिहिली आहे.

बंगळुरूच्या तळ्यांनी शिकवलेलं

इथल्या तळ्यांबद्दल दोन शब्द. हलसूर तलावाच्या काठाने मी रविवारी चालतो. मद्रास सॅपर्सचं केंद्र त्याला लागूनच आहे आणि त्यांच्या बोटी ह्या पाण्याला वर्षानुवर्षं ओळखतात. ही तळी नैसर्गिक नाहीत. माणसांनी बांध घालून अडवलेलं पाणी आहे. बेळंदूरचं तळं तर सगळ्या देशाने बातम्यांत पाहिलं : पाण्यावर फेस, आणि फेसाच्या काठावर आग. जानेवारी 2018 मध्ये ती आग विझवायला लष्कराचे जवान उतरले होते.

अशा तळ्यांत तळ म्हणजे काय, हाच प्रश्न आहे. वर जलपर्णी, खाली पाणी, त्याखाली ताकासारखा पातळ गाळ, त्याखाली घट्ट गाळ, मग माती. 200 किलोहर्ट्झचा ठोका पातळ गाळाच्या वरच्या थरावरून परत येऊ शकतो. 50 किलोहर्ट्झचा आणखी खाली जातो. म्हणून गाळ काढणारे लोक दोन्ही ठोक्यांनी मोजतात आणि दोन वेगळ्या खोल्या लिहितात. कुजणाऱ्या गाळातून वायूचे बुडबुडे वर येतात, तेही ठोका अडवतात. म्हणजे इथे जागा बरोबर असूनही साउंडरला समजून घ्यावं लागतं. जागाच चुकीची असेल तर कोणता बुडबुडा तळ्याचा आणि कोणता आपल्याच बोटीचा, हे कसं कळणार?

आणि 2022 च्या सप्टेंबरात ह्या शहराच्या आऊटर रिंग रोडच्या बाजूला पाणी भरलं तेव्हा माणसं बोटींनी आणि ट्रॅक्टरांनी बाहेर काढली. रस्त्यावरच्या कमरेएवढ्या पाण्यात साउंडर काही कामाचा नाही. उघड्या चेंबरचं झाकण तो सांगणार नाही. तिथे पुढे चालणारा माणूस आणि त्याच्या हातातला बांबू. कुठल्या पाण्यात काय वापरायचं नाही हे कळणं, हीसुद्धा विद्याच आहे.

मी कृष्णाकाठचा. 2019 चा ऑगस्ट आमच्याकडे कोणी विसरत नाही. सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं, आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोटच उलटली. त्या दुर्घटनेचा साउंडरशी संबंध जोडण्याचा खोटेपणा मी करणार नाही. पण त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की आहे. पुरात बोट दिसली की माणूस आपलं मूल तिच्यात देतो. बोटीत काय बरोबर लावलंय आणि काय भागवून घेतलंय हे तो विचारत नाही. त्याला विचारायची सोय नसते. ते आधीच कोणीतरी, कुठल्यातरी शेडमध्ये, पुराच्या सहा महिने आधी विचारलेलं असावं लागतं. पुरात उसाच्या शेतावरून बोट जाते, खाली विजेचे खांब असतात, पंपांच्या पेट्या असतात, द्राक्षबागांच्या तारा असतात. तिथे लुकलुकणारा आकडा नको.

मागणी

नुसती टीका करून उठलो तर मी आणि तो केबल पाहून जागा ठरवणारा, दोघं सारखेच. म्हणून माझ्या मागण्या. बोट लष्कराची असो, पोलिसांची असो, महापालिकेची असो की जलक्रीडावाल्या खाजगी माणसाची.

एक. ट्रेलरवर किंवा धक्क्याला साउंडर ताब्यात घ्यायचा नाही. सही पाण्यावर पळवून झाल्यावरच.

दोन. माहीत असलेल्या खोलीवर, बांबूने किंवा दोरीने मोजलेल्या, बोट आधी हळू आणि मग दर खेपेला वेग वाढवून न्यायची. कुठल्या वेगाला आकडा लुकलुकायला लागतो ते लिहायचं. माणसं भरून एकदा आणि रिकामी एकदा, कारण वजन बदललं की बोट वेगळी बसते.

तीन. तो वेग डिस्प्लेच्या शेजारी ठळक लिहायचा.

चार. आकडा कुठून मोजलेला आहे, पाण्याच्या पातळीपासून की ट्रान्सड्यूसरपासून की ओबीएमच्या पायापासून, हे सेटिंगमध्ये बघून तेही लिहायचं. ट्रान्सड्यूसरखाली 60 सेंटिमीटर पाणी आहे असं वाचून चालक खूश होतो, आणि ओबीएमचा पाय त्याच्याही खाली लोंबत असतो.

पाच. अपघात झाला तर चौकशीत पहिला प्रश्न वेगाचा, दुसरा जागेचा. आणि जागेवर ज्याची सही, त्याला चालकाच्या शेजारच्या खुर्चीत बसवायचं.

ह्यात खर्च किती? एक पाटी, एक जोडकेबल, अर्धा दिवस, थोडं पेट्रोल. आणि पाठीवर झोपायची तयारी.

शेडमधली गोष्ट अर्धी राहिली. ड्रिल मी पोराच्या हातातून काढून घेतलं नाही. त्याला बोटीखाली माझ्या शेजारी झोपवला. रिबेटांच्या रांगा दाखवल्या, पंखा हाताने फिरवून दाखवला. तो दोन मिनिटं गप्प होता. मग उठला आणि जोडकेबलसाठी फोन करायला गेला. केबल यायला पाच दिवस लागले, आणि त्या पाच दिवसांत तीन जणांनी मला विचारलं की एवढ्याशा डबीसाठी बोट अडवून का ठेवली आहे. मी तिघांना बोटीखाली झोपायला बोलावलं. एकच आला.

पाण्यावर गेलो तेव्हा पहिल्या खेपेला 12 नॉटला आकडा लुकलुकायला लागला. पोराने पाटीवर ट्रान्सड्यूसर तीन मिलिमीटर खाली घेतला. मग 15 पर्यंत टिकला. त्याने मागची कड किंचित खाली झुकवली. मग 19. त्याच्या वर काही केल्या जमेना. आम्ही तिथेच थांबलो, आणि डिस्प्लेच्या खाली पांढऱ्या पट्टीवर त्याने मार्करने तीन भाषांत लिहिलं, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी : 19 नॉटच्या वर हा आंधळा आहे.

अक्षर वाकडं आलं आहे. इन्स्पेक्शनच्या आधी ती पट्टी काढून टाकावी असा एक निरोप मला आला आहे. पट्टी तिथेच आहे, आणि कागदावर ह्या वेळी सही पाण्यावरून परत आल्यावर केली आहे.